योग्याची नाडी

बरेच दिवस हृदयावर लिहायचं मनात होतं. कवितेतलं नाही, खरंखुरं. छातीत जरासं डावीकडे कलून बसलेलं, साधारण ज्याच्या त्याच्या मुठीएवढं, पाव किलोहून थोडं जड आणि दिवसाला लाखभर वेळा आकसून पुन्हा सैल होणारं. निमित्त आमच्या करमाडच्या मामांचं. घरातल्या सगळ्यांना ती गोष्ट अर्धी अर्धी माहीत आहे, फक्त प्रत्येकाला वेगळी अर्धी! ती एकदा सलग लिहून ठेवावी म्हटलं. पण मामांचं काय झालं होतं हे कळायला आधी थोडं शास्त्र ऐकून घ्यावं लागेल. कंटाळा आला तर सरळ मामांपर्यंत उडी मारा, मी रागावणार नाही.

तर, आपल्याला उगाच वाटत असतं की मेंदू हुकूम सोडतो आणि हृदय धडधडतं. तसं नाहीये. बी.एस्सी.ला असताना आम्हाला प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडूक असायचा. (आता ती चिरफाड बंद झाली, बरंच झालं.) एकदा सरांनी बेडकाचं हृदय कात्रीने सोडवून मिठाच्या पाण्याच्या बशीत ठेवलं. ना मेंदू, ना नसा, ना रक्त. आणि ते आपलं चालूच! फुगतंय, आकसतंय, फुगतंय, आकसतंय. आम्ही दहा-बाराजणी टेबलाभोवती वाकून बघत होतो आणि कुणी काही बोलत नव्हतं. शेजारच्या मैत्रिणीने फक्त हळूच विचारलं, "याला सांगतंय कोण?"

या प्रश्नाचं उत्तर माणसाला सापडून फार काळ झालेला नाही. १९०६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आर्थर कीथ नावाचे शरीरशास्त्रज्ञ आणि त्यांचा मार्टिन फ्लॅक नावाचा विद्यार्थी निरनिराळ्या प्राण्यांची हृदयं सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. कीथ बायकोबरोबर सायकलवर फिरायला गेलेले असताना फ्लॅकला चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयात, उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या तोंडाशी, वेगळ्याच पेशींचा एक पुंजका दिसला. पुढच्या वर्षी, १९०७ मध्ये, दोघांनी ते प्रसिद्ध केलं. तोच आज आपण ज्याला एसए नोड म्हणतो तो. माणसात तो जेमतेम दीडेक सेंटिमीटर लांबीचा असतो. या पेशींना स्वस्थ बसताच येत नाही. त्यांच्या पापुद्र्यातून क्षार आत-बाहेर झिरपत राहतात, विजेचा दाब आपोआप चढत जातो, ठरावीक पातळीला पोचला की ठिणगी पडते. मग पुन्हा पहिल्यापासून. कुणी सांगावं लागत नाही.

ही ठिणगी वरच्या दोन कप्प्यांत पसरते आणि ते आकसून रक्त खाली ढकलतात. आता खालच्या कप्प्यांकडे जायचं, तर मध्ये वीज जाऊ न देणारा पडदा आहे. त्यात एकच वाट. वाटेच्या तोंडाशी एव्ही नोड नावाची चौकी. ती सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने जर्मनीत मारबुर्गला काम करताना शोधली, तीही १९०६ मध्येच. ही चौकी संदेशाला सुमारे एक दशांश सेकंद थांबवून ठेवते. आमच्या लहानपणी पॅसेंजर करमाडला क्रॉसिंगसाठी उभी राहायची ना, तसंच. एकेरी रूळ, समोरची गाडी आल्याशिवाय सिग्नल नाही. तेव्हा वैताग यायचा. पण इथलं थांबणं फार शहाणपणाचं आहे. तेवढ्या वेळात वरचं रक्त खाली उतरून खालचे कप्पे पुरते भरतात, आणि मगच त्यांना आकसायचा निरोप पोचतो. उजवा कप्पा फुफ्फुसांकडे पंप करतो, डावा सगळ्या अंगाला. दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला पाचेक लिटर.

आणि हृदयाला विश्रांती नसते म्हणतात तेही अर्धंच खरं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद मिळतात. त्यातले ०.३ सेकंद खालचे कप्पे काम करतात आणि ०.५ सेकंद सैल पडून भरत राहतात. म्हणजे कामापेक्षा आराम जास्त! शिवाय डाव्या कप्प्याच्या स्नायूला त्याचं स्वतःचं रक्त मुख्यतः या आरामातच मिळतं, कारण आकसलेला असताना तो स्वतःच्याच रक्तवाहिन्या आवळून धरतो. सगळ्या घराला वाढून झाल्यावर बाई शेवटी दोन घास खाते, तसं. वेग वाढला की कामाचा वेळ फारसा कमी होत नाही, हा आरामाचा वेळ कापला जातो. म्हणून वेगाला लगाम हवा.

लगामाचीच गोष्ट पुढे मामांपर्यंत जाते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हृदयाकडे दोन प्रकारच्या नसा येतात. एक मेंदूच्या बुडातून निघालेली दहावी नस, व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ भटकी. गळ्यातून, छातीतून पार पोटापर्यंत हिंडते म्हणून. ती वेग कमी करते. दुसऱ्या सिंपथेटिक, त्या वेग वाढवतात. बैलगाडी हाकलेल्यांना सोपं करून सांगायचं तर व्हेगस म्हणजे कासरा आणि सिंपथेटिक म्हणजे पराणी.

हा कासरा ओढतो कसा, हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला स्वप्नात सुचलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात, १९२० साली. रात्री उठून त्याने चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा मात्र पहाटे तीनला तो तडक प्रयोगशाळेत गेला. दोन बेडकांची हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस नस चेतवली, ते मंदावलं. त्याच्या भोवतालचं पाणी घेऊन दुसऱ्यावर घातलं, तर तेही मंदावलं, नस नसताना! म्हणजे नस काही रसायन सोडते. पुढे त्याचं नाव ठरलं ॲसिटिलकोलिन, आणि लोवीला १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. औषधं देऊन कासरा आणि पराणी दोन्ही बंद केले, हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं, तर ते किती वेगाने चालेल? विशीतल्या माणसाचं मिनिटाला सुमारे १०५, सत्तरीतल्याचं ८० च्या आसपास. आणि आपण नुसते बसलेलो असतो तेव्हा नाडी किती? सत्तरच्या आगेमागे. म्हणजे आपण निवांत असतो तेव्हा कुणीतरी सतत कासरा ओढून धरलेला असतो. निवांत असणं म्हणजे काहीच न होणं नाही, ते एक काम आहे, आणि कुणीतरी ते क्षणोक्षणी करतंय. उठून चालायला लागलो की आधी कासरा सैल सुटतो, आणखी वेग हवा असेल तेव्हा पराणी लागते. श्वास आत घेताना कासरा किंचित ढिला होतो, सोडताना पुन्हा ताणला जातो. तरुण माणसाच्या मनगटावर बोट ठेवलं तर हा फरक हाताला कळतोसुद्धा.

कासरा-पराणी दोन्ही तुटलेलं हृदय बघायचं असेल तर हृदयरोपण झालेला माणूस बघावा. आपल्याकडे पहिलं हृदयरोपण मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केलं. बर्नार्डच्या त्या जगप्रसिद्ध शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. त्यानंतर मुंबईत यशस्वी हृदयरोपण व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडलं. पुण्याहून आलेलं हृदय डॉ. अन्वय मुळे यांनी मुलुंडला बसवलं. आणि पाचच महिन्यांत, जानेवारी २०१६ मध्ये, आपल्या औरंगाबादहून एका तरुणाचं हृदय विमानाने मुंबईला गेलं. करमाडला जाताना जालना रोडवर चिकलठाण्याचं विमानतळ लागतं, तिथून मला दर वेळी ते आठवतं. बर्फाच्या पेटीत थंड, थांबवलेलं हृदय. दुसऱ्याच्या छातीत रक्ताची ऊब मिळाल्यावर ते पुन्हा चालू होतं, पण नसा काही डॉक्टर जोडत नाहीत. जोडता येतच नाहीत. मग ते हृदय बसल्या जागी ९० ते ११० च्या वेगाने चालतं. जिना चढायला घेतला तरी लगेच वाढत नाही. रक्तातून ॲड्रिनलिन येऊन पोचलं की काही मिनिटांनी वाढतं, आणि मग खाली यायलाही वेळ घेतं. चालत राहतं, पण घरात काय चाललंय ते त्याला उशिरा कळतं.

हुश्श. झालं शास्त्र. आता मामा.

माझे मामा म्हणजे शांतपणाचा कळस. आमच्याकडे सगळेच तोंडाळ आणि तापट (वाचणाऱ्यांनी राग मानू नये), त्यात हे एक असे कसे निघाले कोण जाणे. २०१२-१३ चा दुष्काळ आठवतो ना? जालना-औरंगाबाद भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या तेव्हा. मामांनी टँकरने पाणी घालून पाहिलं, जमलं तेवढे दिवस. मग एक दिवस स्वतः कुऱ्हाड घेऊन बाग तोडली. अठरा वर्षांची झाडं. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, जेवले, झोपले. मामी आठ दिवस रडत होती. आजी म्हणायची, याचं काळीज दगडाचं आहे.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एका लग्नात नाडी बघणाऱ्या एका पाहुण्यांनी मामांचा हात धरला आणि "वा! योग्याची नाडी आहे" म्हटलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. उलट सगळे खूश. चाळीसच्या आत नाडी! खेळाडूंची असते म्हणे अशी. आणि हे खोटं नाही. दमदार खेळाडूंचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, कासराही जास्त ताणलेला असतो, त्यांची नाडी चाळीसपर्यंत असू शकते. म्हणजे आकडा खरा होता, आणि अर्थही चारचौघांना पटेल असा होता.

मग ज्वारी काढायच्या दिवसांत मामा गोठ्यापाशी पडले. ऊन लागलं म्हणाले. पंधरा दिवसांनी पुन्हा, या वेळी बांधावर. क्षणभर डोळ्यांपुढे अंधार, लगेच शुद्धीवर. एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं. बी.पी. वाढलेलं निघालं, त्याची गोळी दिली. (ते का वाढलं होतं ते मला नंतर कळलं. ठोके कमी असले की एकेक ठोका भरपूर भरून मारलेला असतो, त्याचा जोर जास्त.) मी महाशिवरात्रीला गेले तेव्हा मामी मला मागच्या दाराला घेऊन गेली. म्हणाली, "रात्री मधीच गार पडल्यावानी होतात गं. मी हात लावून बघते, हायेत का म्हणून. कुणाला सांगू नको, त्यांला आवडत नाही."

जेवणं झाल्यावर मी ओट्यावर मामांच्या शेजारी बसले आणि उगाच गप्पा मारत त्यांचा हात हातात घेतला. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावलं. छत्तीस. एकसारखे, घड्याळासारखे छत्तीस.

म्हटलं, "मामा, जरा रस्त्यावरच्या लिंबापर्यंत जाऊन या ना. भरभर. दोन चकरा."

"कामून?"

"जा तर खरं."

गेले. आले तेव्हा दम लागलेला होता. पुन्हा हात धरला, पुन्हा मिनिट लावलं. छत्तीस.

मला घाम फुटला तो त्या वेळी. छत्तीसला नाही, दुसऱ्यांदा आलेल्या छत्तीसला. शांत माणसाची नाडी कमी असते, पण ती हलते. कासरा ओढून धरलेला असेल तर चालायला लागल्यावर तो सैल सुटायलाच हवा. योग्यालाही दोन चकरा मारल्यावर साठ-सत्तर ठोके लागतातच. इथे अंग धापा टाकत होतं आणि हृदयाला त्याची खबरच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही शहरात. करमाडहून वीस-पंचवीस किलोमीटर, पण त्या दिवशी शेंद्र्याची एमआयडीसी संपता संपेना. मामा पुढच्या सीटवर बसून कुणाचा हरभरा कसा आलाय ते सांगत होते. ईसीजी काढला आणि डॉक्टरांनी तो कागद मामांसमोरच टेबलावर पसरला, हे मला फार आवडलं. त्यावर लहान लहान उंचवटे होते, एकसारख्या अंतरावर, मिनिटाला ऐंशीच्या वर. आणि मोठे उंचवटे, तेही एकसारख्या अंतरावर, मिनिटाला छत्तीस. पण लहानांचा मोठ्यांशी काही संबंधच नव्हता. वरचे कप्पे आपल्या वेगाने चालले होते, खालचे आपल्या. मधली ती एकुलती एक वाट बंद पडली होती. याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. (रक्तवाहिनीतला ब्लॉकेज वेगळा. आमच्याकडे सगळ्यांनी आठ दिवस त्याचा घोळ घातला आणि मामांचं तूप बंद करून टाकलं.) वयोमानाने त्या वाटेवरचे तंतू झिजून कडक होतात, हे त्याचं नेहमीचं कारण.

मामा बराच वेळ कागद बघत होते. मग म्हणाले, "म्हंजी बैल चाललेत, पण गाडी जुवातून निसटली."

डॉक्टर हसले. म्हणाले, "अगदी बरोबर. आणि गाडी आपोआप घरंगळतेय."

ते घरंगळणं म्हणजे सुद्धा निसर्गाची केवढी सोय! वरून निरोप आलाच नाही तर खालचे कप्पे आपल्या आपण मिनिटाला तीस-चाळीस ठोके देत राहतात. किती आठवडे मामा त्या शिल्लकीवर जगत होते कोण जाणे. ज्वारी काढत होते, बैलांना पाणी पाजत होते. फक्त ही शिल्लक भरवशाची नसते. मध्येच काही सेकंद थांबते, आणि तेव्हा माणूस पडतो. एखाद्या वेळी पुन्हा चालू होतच नाही.

पेसमेकर बसवायचा ठरलं. डॉक्टरांचं ठरलं, मामांचं नाही. ते "घरी जाऊन सांगतो" म्हणाले. त्यांना घरी जाऊ दिलं नाही, ॲडमिट केलं, तात्पुरती तार घातली. रात्री त्यांच्याजवळ मी होते. अकराच्या सुमाराला म्हणाले, "झोपली का पोरी?"

"नाही."

"एक विचारू? ते मशीन ठोके देतच राहिलं, तर मरण यायचं कसं?"

त्यांनी एका नातेवाइकाला अठरा दिवस व्हेंटिलेटरवर पाहिलं होतं. ते तेव्हापासून मनात होतं. माझा जीव मशीनच्या हातात द्यायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते, कारण हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो आणि डॉक्टरांना विचारायला लाज वाटते. पेसमेकर हृदयाला आकसवत नाही. तो फक्त निरोप देतो. आकसायचं काम स्नायूचं. अंगाची वेळ भरली, स्नायूने निरोप घेणं बंद केलं, की मशीन कितीही टिकटिक करो, काही होत नाही. पेसमेकर मरण अडवत नाही. वाट तुटली म्हणून उगाच येणारं मरण तेवढं अडवतो.

दुसरं म्हणजे, मामांना बसवायचा होता तो दोन तारांचा. एक तार वरच्या कप्प्यात. ती मुख्यतः ऐकते. वर ठिणगी पडली की क्षणभर थांबून (तेच ते क्रॉसिंग!) दुसरी तार खालच्या कप्प्याला निरोप देते. म्हणजे वेग कोण ठरवणार? वरचा, मामांचा स्वतःचा, जन्मापासूनचा एसए नोड. कासरा त्यांचाच, पराणीही त्यांचीच. मशीन फक्त निसटलेलं जू पुन्हा जोडून देतं. खालून आपला आपण ठोका आला तर गप्प बसतं, आणि वरचा वेगच फार खाली गेला तरच स्वतः पुढाकार घेतं.

मामा अंधारात बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "व्हय. म्हंजी मोटारीला ऑटो बसवल्यासारखं. लाइट आली का चालू. नसता गुमान."

"तसंच."

"मग बसवा."

सकाळी मामी आल्यावर मी तिला आर्ने लार्सनची गोष्ट सांगितली. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमध्ये स्टॉकहोमला पेसमेकर अंगात बसवून घेणारा हा जगातला पहिला माणूस. दिवसातून कित्येकदा बेशुद्ध पडायचा. त्याची बायको एल्स-मारी शल्यविशारद सेनिंग आणि इंजिनियर एल्मक्विस्ट यांच्या मागेच लागली. असं यंत्र अजून तयार नाही म्हणाले, तर करा म्हणाली. पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला. पण लार्सन पुढे २६ यंत्रं बदलत २००१ पर्यंत जगला, यंत्र करणारा आणि बसवणारा दोघेही गेल्यानंतर. शेवटी गेला तोही कॅन्सरने. मामी सगळं ऐकून म्हणाली, "बाई खमकी होती." मी म्हटलं, रात्री हात लावून बघणारीही काही कमी नव्हती.

काम तासा-दीड तासात झालं. डाव्या खांद्याच्या हाडाखाली तेवढाच भाग बधिर करून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं, रेशनकार्ड कामी आलं. नाहीतर मामांनी एखादी बैलजोडी काढली असती, आणि सांगितलंही नसतं. पैशाअभावी हे यंत्र न मिळालेली माणसं आपल्याकडे किती असतील, असं तेव्हा वाटत राहिलं. मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये डॉ. यश लोखंडवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशांसाठी एक वेगळाच मार्ग काढला होता. अमेरिकेत वारलेल्या लोकांच्या अंगातून घरच्यांच्या संमतीने काढलेले पेसमेकर. १२१ जमले, त्यांतल्या ५३ मध्ये पुरेशी बॅटरी शिल्लक होती. ते निर्जंतुक करून इथल्या ५३ गरीब रुग्णांना बसवले. कुणाला जंतुसंसर्ग झाला नाही, माणसं पुन्हा कामाधंद्याला लागली. अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०१२ च्या अंकात ते छापून आलं. मामांना हे सांगितलं तर त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. "मंग? बैल गेला म्हणून कुणी गाडी जाळतं का?" एवढंच म्हणाले.

जाळण्यावरून एक आठवलं, नकोसं असलं तरी घरच्यांनी लक्षात ठेवा. पेसमेकर असलेल्या माणसाला अग्नी देण्याआधी तो काढून घ्यावा लागतो, आत बॅटरी असते, ती फुटते. हे मामांनी स्वतःच डॉक्टरांना विचारून घेतलं आणि सगळ्यांसमोर मला सांगून ठेवलंय. मामी उठून आत गेली होती तेव्हा.

गेल्या दिवाळीत पुन्हा करमाडला होते. ओट्यावर बसून मी सवयीने मामांचा हात धरला. अडुसष्ट. लिंबापर्यंत दोन चकरा मारून आले, ब्याण्णव. मामी घाबरून म्हणाली, "जास्त झाले का गं?" म्हटलं, जास्त व्हायलाच पाहिजेत, त्यासाठीच तर एवढं केलं.

मग नुसत्याच गप्पा. नाडी पुन्हा सत्तरच्या आत आली होती, हात माझ्या हातातच राहिला होता. मामा यंदा पुन्हा मोसंबी लावायची म्हणत होते, पाटाच्या अंगाला, दोनशे झाडं. बोलता बोलता जुन्या बागेवर आले. कोणत्या ओळीतल्या झाडाला पहिला बहार आला, तोडायला कुठून सुरुवात केली, दुपारपर्यंत किती झाली. आवाज नेहमीचा. चेहरा नेहमीचा. समोरून जाणाऱ्या एकाला मध्येच रामराम घातला.

बोटाखाली मात्र नाडी चढत होती. मी हळूच मोबाइलकडे बघून मोजली. शहाण्णव.

आजी असती तर तिला सांगितलं असतं.